साहेब आले, चहा सांगा!

करखात्याची गाडी पुण्याच्या कुंटे चौकात थांबली की सोन्या मारुती चौकातल्या सराफांना ॲसिडिटी होते. लक्ष्मी रोडवर पथकापेक्षा बातमी पुढे धावते. आणि बातमी तरी कोणत्या नावानं? "सेल्सटॅक्सवाले आलेत!" १ एप्रिल २००५ ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, व्हॅट पेट्रोल-डिझेल आणि बाटलीपुरता उरला. पण भीतीचं नाव बदलायला व्यापाऱ्याला सवड कुठली?

(बाटलीवाल्यांचं वेगळंच. परमिट रूममधला व्हॅट २०२३ च्या नोव्हेंबरात ५ टक्क्यांवरून १० झाला, म्हणून १४ जुलै २०२५ ला त्यांनी राज्यभर बंद पाळला. सुट्टीच्या त्या दिवशी कुणी वह्या नीट लावल्याचं मात्र ऐकिवात नाही.)

तपासणीची आपली तयारी ठरलेली असते. पहिलं, पोऱ्याला चहा सांगायचा. दुसरं, सीएला फोन. तो उचलत नाही. तिसरं, नगरसेवकाला फोन. तो उचलतो आणि "बघतो" म्हणतो. चौथं, गल्ल्याखालची ती छोटी निळी वही जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी रवाना करायची. एवढं झालं की शेठ घाम पुसून हसतमुख चेहऱ्यानं पुढे येतात, "या साहेब, बसा."

साहेब बसत नाहीत. भिंतीकडे बघतात. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी जागी लावा आणि प्रवेशद्वाराच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहा, असा नियम आहे. पाट्या लावण्यात ज्या शहराचा हात कुणी धरू शकत नाही, त्या शहरातली गोष्ट. दुकानात पाट्या सात: उधारी बंद, माल हाताळू नये, सुटे पैसे द्यावेत वगैरे. आठवी, सरकारला हवी असलेली, नाही. प्रमाणपत्र निघतं लक्ष्मीच्या तसबिरीमागून, गेल्या दिवाळीच्या झेंडूसकट. अशा किरकोळ चुकांसाठीच्या सर्वसाधारण दंडाची मर्यादा केंद्राच्या कायद्यात २५ हजार, राज्याच्या कायद्यात आणखी तेवढीच. पेंटर पाचशे रुपयांत आला असता.

दुसरी गंमत ओळखपत्राची. पुण्याचा दुकानदार गिऱ्हाइकाची पाचशेची नोट उजेडात तीनदा धरून बघतो. साहेबांचं ओळखपत्र मात्र एकदाही मागत नाही, कारण "त्यांना राग येईल". १९८७ साली मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ एका नामांकित सराफी पेढीवर सीबीआयची धाड पडली. जाहिरात देऊन गोळा केलेले तोतये होते ते. माल घेऊन म्होरक्या गेला तो गेला. जीएसटीत झडतीला सहआयुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, 'आयएनएस-०१' नमुन्यातली. ती बघायला मागणं हा उद्धटपणा नाही. आणि झडती वेगळी, लेखापरीक्षण वेगळं. लेखापरीक्षणाला किमान १५ कामकाजी दिवस आधी नोटीस येते. त्या १५ दिवसांतले १४ आपण "कुणी तक्रार केली असेल?" यावर घालवतो आणि पंधराव्या दिवशी बिलांच्या फायली शोधतो. त्या रद्दीत गेलेल्या असतात. कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची असतात, हे रद्दीवाल्याला कोण सांगणार?

पण खरी गोची मालात आहे. माझा एक कापडवाला मित्र. मार्चअखेर सीएनं शिल्लक मालाचा आकडा विचारला की हा छताकडे बघतो. आकडा तिथे लिहिलेला असावा. सीए तो निमूटपणे टॅलीत चढवतो आणि वर्षभर दोघे सुखात झोपतात. मग एके दिवशी पथक येतं आणि टेप काढून ठाणं मोजायला लागतं. जास्त भरलं तरी पंचाईत, कमी भरलं तरी पंचाईत. हिशोबात न सापडणारा माल विकलाच असं धरून कर लावायची कायद्यात सोय आहे. त्यात मेव्हण्याच्या नावावर घेतलेला, नोंदणीत कधीच न दाखवलेला कात्रजचा गाळा सापडला की मित्राचा आवाज बसतो. महिन्याला एक कपाट मोजलं असतं तर वर्षात बारा कपाटं झाली असती. दुकानात आहेतच नऊ.

आणि बोलावं कुणी? एकानं, ज्याला हिशोब माहीत आहे त्यानं. आपल्याकडे मात्र साहेबांशी सगळे बोलतात. मुनीम १९८० सालच्या इन्स्पेक्टरची आठवण काढतात, धाकटा भाऊ "आम्ही सगळं पक्क्या बिलातच करतो" असं विचारल्याशिवाय सांगतो, आणि काउंटरवरचा नवा पोरगा निरागसपणे विचारतो, "शेठ, ती निळी वही पण आणू का?"

आता खात्यालाही एक चिमटा. रात्री अकराला, उपाशीपोटी, साक्षीदारांच्या जांभया मोजत बसलेला माणूस 'स्वेच्छेनं' कर भरतो तेव्हा त्यात इच्छा किती आणि झोप किती? हा प्रश्न केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळालाही पडला असावा. झडतीच्या वेळी कर भरायला दडपण आणू नये, अशी लेखी सूचना २५ मे २०२२ ला मंडळानं आपल्या अधिकाऱ्यांना दिली. चूक दिसत असेल तर भरून मोकळं व्हावं. दिसत नसेल तर "नोटीस द्या, उत्तर देतो" एवढं म्हणता येतं. जबाब वाचल्याशिवाय सही नको. पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. जप्त कागदांच्या प्रती काढून घ्यायचा हक्कही कायद्यातच आहे. मात्र पंचनाम्यातलं शुद्धलेखन सुधारत बसू नका, तो पुणेरी मोह आवरा.

मित्राच्या दुकानातून पथक रात्री साडेअकराला गेलं. चहाचे सोळा कप झाले होते, सतराव्याचं बिल कच्चं होतं.

उद्या शटर वर करताना तेवढी दारावरची पाटी बघा. २७ नं सुरू होणारा पंधरा अंकाक्षरांचा क्रमांक तिथे नसेल, तर पेंटरला बोलवा. आणि त्याच्याकडून बिल घ्या.