निराशा शाबूत कशी राखावी : सोलापूर आवृत्ती

जग बुडालंय, माणुसकी संपली, हे मत बनवायला फार काही लागत नाही. सकाळचा पेपर, रात्री चॅनेलवरची भांडणं आणि भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एवढ्यात भागतं. अवघड आहे ते मत सांभाळणं. मी गेली वीस वर्षं निराश आहे, आणि तेही सोलापुरात राहून. या गावात निराशेवर दिवसातून दोन-चारदा तरी प्रसंग ओढवतो. नव्याने या मार्गाला लागलेल्यांची सोय व्हावी म्हणून अनुभवाच्या काही सूचना देत आहे. सगळ्या पाळल्याच पाहिजेत असं नाही. मलाही जमलेल्या नाहीत.

सर्वप्रथम, दुचाकी सुरू करण्याआधी स्टँड वर घेतलंय ना, हे दोनदा पाहावं. हसू नका. एका स्टँडपायी माझी दोन वर्षांची कमाई वाया गेली. मे महिना होता, होटगी रोडने सात रस्त्याकडे चाललो होतो. मागून एक जण हॉर्न वाजवत, हातवारे करत अंगावर आल्यासारखा यायला लागला. म्हटलं, झालं, कुठेतरी घासली म्हणून आता पैसे मागणार. मी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. शेवटी सिग्नलला गाठून त्याने माझ्या हेल्मेटवर टकटक केलं. (निराश माणूस हेल्मेट घालतोच.) "ओ अण्णा, स्टँड! कवाधरनं बोंबलालोय, मराय निघालाव का काय?" मी मुकाट्याने स्टँड वर घेतलं. त्याने गाडी वळवली आणि आल्या वाटेने परत गेला. त्याला सात रस्त्याला यायचंच नव्हतं.

इथे एक निरीक्षण नोंदवतो, ते पुढे सगळीकडे उपयोगी पडेल. सोलापुरात चांगुलपणा साध्या कपड्यांत हिंडत नाही, वसकन अंगावर येतो. गोड बोलून कुणी मदत करू लागला तर लोक आधी खिसा चाचपतात. खेकसला की समजावं, आपला माणूस आहे. निराशावाद्याला ही मोठीच सवलत आहे. त्याने फक्त सूर ऐकावा, वाक्याच्या अर्थात शिरू नये. मी त्या माणसाचा सूर तेवढा लक्षात ठेवला असता तर "लोक किती उर्मट झालेत" म्हणून चार दिवस सुखाने काढले असते. पण सिग्नल सुटेपर्यंत अर्थ कळला होता.

दुसरी दक्षता पाण्याची. उजनी धरण भरो न भरो, आमच्या नळाला पाणी येणार ते काही दिवसांआड, आणि कधीकधी रात्री अडीचला. निराशेला याहून सुपीक जमीन नाही. घोटाळा होतो तो शेजाऱ्यांमुळे. आमच्या भिंतीपलीकडच्या अक्का तेलुगू. नवऱ्याला तेलुगूत उठवतात, पलीकडच्या घराला कन्नडमध्ये हाक देतात आणि आमच्या गेटवर वाटी आपटून मराठीत ओरडतात, "पाणी आलंय की ओ! झोपलाव का काय?" एकदा आम्ही लग्नाला म्हणून दोन दिवस परगावी होतो. परतलो ते मी मनाची तयारी करूनच: पाणी येऊन गेलं असणार, टँकर मागवावा लागणार, त्यात तो लुटणार. अंगणात येऊन पाहतो तर दोन्ही बॅरल काठोकाठ. अक्कांनी भिंतीवरून पाइप टाकून भरलेले, वर जुनी साडी बांधलेली. आभार मानायला गेलो तर मलाच बोलणी बसली, "बॅरलला झाकण नको का ओ? डास होतेत. शिकलेली माणसं तुमी." यावर उपाय सापडलेला नाही. फोन बंद ठेवून पाहिला. वाटी आणि गेट यांना फोनची गरज लागत नाही.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुकानांपुढे, देवळांपुढे पाण्याचे माठ दिसू लागतात. तिथे माठाकडे पाहू नये. पेल्याकडे पाहावं. तो साखळीने बांधलेला असतो. पाणी फुकट देणाऱ्यालाही पेला चोरीला जाईल अशी भीती वाटते, या मुद्द्यावर तब्येत चांगली सुधारते.

आषाढीआधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना सोलापुरातून जाते. तेवढे दिवस सरळ रजा टाकून परगावी जावं. त्या दिवसांत कोण कुणाच्या तुटलेल्या चपला शिवतो आणि कोण कुणाच्या सुजलेल्या पायांना तेल लावतो, याला धरबंध राहत नाही.

आता सगळ्यात धोक्याची जागा. सोलापूर स्टेशन, सकाळची पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस. शक्य असेल तर बसने जावं. मी गेलो नाही, चूक झाली. डब्याच्या दारात उभा होतो, तोच एक गृहस्थ आले. हातात फडक्यात बांधलेला गठ्ठा. "पुण्यापर्यंत का? पोरगं येईल स्टेशनला. निळा शर्ट घालाय सांगतो." आणि गठ्ठा माझ्या हातात. कडक भाकऱ्या, आणि शेंगा चटणी, तेल सुटतं म्हणून दोन पिशव्यांत घातलेली. नाव विचारलं नाही, फोन नंबर मागितला नाही. नेमकी त्याच वेळी वर लाउडस्पीकरवर सूचना चालू होती की अनोळखी व्यक्तीकडून कोणतीही वस्तू घेऊ नका. त्यांनीही ऐकली, मीही ऐकली. ते म्हणाले, "भाकरी आडवी नका धरू, मोडतीय," आणि उतरणाऱ्या गर्दीत दिसेनासे झाले.

पुढचे चार तास मी गठ्ठा मांडीवर घेऊन वाईट विचार करायचा प्रयत्न करत होतो. भिगवणपर्यंत लसणाच्या वासाने अख्खा डबा जागा झाला. समोरची बाई म्हणाली, "घरची दिसतीय." पुण्याला निळा शर्ट आला, गठ्ठा घेतला आणि चालू पडला. थँक्यू नाही, नमस्कार नाही. हुश्श वाटलं. म्हटलं, चला, आजची पिढी तरी हाताशी आहे. जिन्यापर्यंत पोचलो तर तो मागून धापा टाकत आला, "काका, तुमी काय खाल्लं का नाही?" आणि फडकं सोडून त्यातली एक भाकरी काढू लागला.

याच गाडीच्या नावाबद्दलही सावध राहावं. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. चार हुतात्मा चौकातून जाताना पुतळ्यांची नावं एका ओळीत वाचू नयेत. आडनावावरून माणसाची जात काढून मग त्याच्याबद्दल मत बनवायची सवय असलेल्याची तिथे फार पंचाईत होते. चौघे पुण्याला गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या नावाची गाडी मात्र रोज संध्याकाळी पुण्याहून परत निघते.

तीच गोष्ट डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकाची. सोलापूरचा हा मुलगा १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. जपानशी लढाई चालू होती. बाकीचे एकेक करून परतले. हे तिथेच राहिले, जखमींची ऑपरेशनं करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच गेले. ज्यांच्यासाठी गेले त्यांत नात्याचं कुणी नाही, गावाचं कुणी नाही. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला, हे त्यातल्या त्यात बरं झालं. सिनेमावाल्यांनी वाढवून दाखवलं असेल, असं म्हणायला जागा राहते. तेवढ्याने भागलं नाही तर एक वाक्य पाठ करून ठेवावं: "तसली माणसं तेव्हा होती, आता नाहीत."

हे वाक्य मी बरीच वर्षं वापरलं. एका रात्री आमच्या ग्रुपवर, दोन बुडत्या देशांच्या आणि एका भेसळयुक्त दुधाच्या व्हिडिओमध्ये, निरोप आला: ओ निगेटिव्ह रक्त हवंय, बाळंतीण आहे, तातडीचं आहे. मी निरोप वाचून, आता कोण उठतंय, असं म्हणेपर्यंत खाली तिघांचे "निघालो" आले. त्यातला एक तोच, ज्याने दुपारी "या देशाचं काही खरं नाही" असं लिहून हात जोडले होते. तासाभराने "सोय झाली" आलं. त्याखाली त्याचा पुन्हा दुधाचा व्हिडिओ. म्हणून ग्रुप म्यूट करावा, पण वाचावा. बातम्या तेवढ्या वाचाव्यात, निरोप ओलांडून.

एवढं करूनही निराशा उतरू लागली तर शेवटचा उपाय म्हणून शेजाऱ्यांशी देवाणघेवाण पूर्ण थांबवावी. मी थांबवणारच आहे. अडचण एकच. सहा वर्षांपूर्वी अक्कांनी एका सणाला स्टीलच्या डब्यातून पुळिहोरा (चिंचेचा भात) दिला. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत, म्हणून संक्रांतीला हिने शेंगापोळ्या घालून पाठवला. त्यांच्यातही रिकामा देत नाहीत. तेव्हापासून डबा भिंतीवरून जातोय आणि येतोय. मध्ये कधीतरी झाकणं बदलली. आता डब्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे आणि झाकणावर आमचं. रविवारपासून तो आमच्या ओट्यावर पडलाय. आत काय घालावं, यावर घरात एकमत होत नाहीये. ही म्हणते चटणी घाला, आणि दाणे आणायला मलाच पिटाळते आहे. स्टँड वर घेऊन निघतो.