शेवटकाकू

तुमच्या वाचनालयातही त्या असणारच. देवघेवीच्या टेबलाशी उभ्या राहून कादंबरी मागून उघडणाऱ्या. मुखपृष्ठ बघत नाहीत, लेखकाचं नाव बघत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून शेवटचं पान नाकाजवळ नेतात, ओठ हलवत वाचतात आणि ग्रंथपालाला विचारतात, "मिळतात ना?" ग्रंथपाल नवा असेल तर "कोण?" असं विचारून बसतो. जुना असेल तर मान वर न करता म्हणतो, "मिळतात, न्या."

आमच्या सांगलीतल्या या बाईंना सगळे शेवटकाकू म्हणतात. समोर नाही अर्थात. समोर नुसतं काकू. कादंबरीत एक तो आणि एक ती असली की ती दोघं शेवटी मिळालीच पाहिजेत, असा त्यांचा दंडक आहे. मधल्या तीनशे पानांत लेखकाने काय हवा तो गोंधळ घालावा. गैरसमज, दुष्ट मामा, क्षय, परदेशगमन, सगळं माफ. पण शेवटच्या पानावर दोघं एका छपराखाली दिसली पाहिजेत. नाही दिसली तर पुस्तक टेबलावर आपटून, "हा कसला लेखक! ह्याला लिहायला लावलं कुणी?"

बरं, स्वतः वाचून गप्प बसावं, तर तेही नाही. मी एखादी कादंबरी अर्धी वाचून कट्ट्यावर बसलेलो असतो. "कुठवर आलास? ते पत्र मिळालं का तिला? ते खोटं असतं रे, जावेनं लिहिलेलं. पण मिळतात पुढं, काळजी करू नको." काळजी मी करतच नव्हतो. उरलेली दोनशे पानं त्या एका वाक्यात खलास. हे त्यांनी माझ्याशी कॉलेजच्या दिवसांपासून केलेलं आहे आणि वर म्हणतात, पोराची झोप उडू नये म्हणून सांगते.

खरं दुखणं मात्र पेन्सिलीचं. काकूंच्या पर्समध्ये पेन्सिलीचा एक बोटभर तुकडा असतो, एसटीच्या जुन्या तिकिटात गुंडाळलेला. कादंबरीचा शेवट गोड नसेल आणि हे घरी नेल्यावर कळलं असेल, तर 'समाप्त'च्या खाली, छापील रेघेला अगदी लागून, काकू बारीक उभ्या अक्षरात शेवट दुरुस्त करतात. मजकूर बहुधा ठरलेला. 'पुढे त्याला उतार पडला. वैशाखात लग्न झाले. दोन मुले, थोरली मुलगी.' नायक क्षयाने गेला असो, लढाईत पडला असो की संन्यास घेऊन हिमालयात गेलेला असो, उतार पडतोच. आणि थोरली मुलगीच.

'देवदास'च्या मराठी अनुवादात पारोच्या सासरच्या दाराशी तो मरून पडतो, तिथे खाली आहे: 'तिने दार उघडले. त्याला आत घेतले. उतार पडला.' पारो दुसऱ्याची बायको आहे, पदरी सावत्र मुलं आहेत, याचा पुढे काय बंदोबस्त केला ते लिहिलेलं नाही, पण दोन मुले, थोरली मुलगी आहेच. 'अ‍ॅना कॅरेनिना'ने तर काकूंना चांगलंच फसवलं. त्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर लेविन नावाच्या गृहस्थाचं बरं चाललेलं असतं. बायको आहे, मूल आहे, देवावर श्रद्धाही बसत आलेली आहे. काकूंनी ते वाचलं, विश्वासाने पुस्तक घरी नेलं, आणि सातव्या भागात बाई आगगाडीखाली. दुसऱ्या दिवशी काकू टेबलाशी आल्या त्या लाल होऊन. "शेवटच्या पानावर एक आणि आत एक? ही काय रीत झाली?" सातव्या भागाच्या तळाशी आजही बघायला मिळेल: 'गाडी लेट होती. ती घरी परत गेली.'

आणि 'स्वामी'. रणजित देसाईंनी 1962 साली महाराष्ट्राला रडवलं ते थेऊरला. काकूंना ते मान्य नाही. आमच्या प्रतीत शेवटी आहे: 'औषध लागू पडले. दोघे पुण्यास परत आले. दोन मुले, थोरली मुलगी.' जरा विचार करा. नोव्हेंबर 1772 मध्ये थोरले माधवराव बरे झाले, तर नारायणरावाला गादीवर बसावं लागत नाही, पुढच्या ऑगस्टात शनिवारवाड्यात गारदी येत नाहीत, बारभाईंना बसायला जागा उरत नाही आणि 1818 चं काय होतं ते इतिहासकारांनी ठरवावं. काकूंनी हे सगळं पेन्सिलीच्या एका ओळीत उरकलेलं आहे. पानिपताबद्दलही त्यांचं मत ठाम आहे. भाऊसाहेब म्हणवून पुढं आलेला तो तोतया खराच भाऊसाहेब होता. पुरावा? "पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नव्हतं. बाईमाणसाला कळतं."

पेन्सिलीबद्दल कार्यकारिणीत तक्रार गेली आणि काकूंना दंड झाला. तक्रार करणारे एक निवृत्त प्राध्यापक. शोकांतिका हा त्यांचा जन्मभराचा विषय, आणि गोड शेवट म्हणजे अपरिपक्व वाचकाची बालिश भूक हे त्यांचं जन्मभराचं मत. सभेत ते म्हणाले की, उद्या या बाई शेक्सपिअरलाही सुधारतील. मला राहवलं नाही. शेक्सपिअरला सुधारून झालेलं आहे. नेहम टेट नावाच्या आयरिश कवीने 1681 साली 'किंग लिअर'चा शेवट बदलला, म्हाताऱ्याला जिवंत ठेवलं, कॉर्डेलियाचं एडगरशी जुळवून दिलं, आणि पुढं जवळजवळ दीडशे वर्षं लंडनच्या रंगभूमीवर तेच चालत होतं. काकूंनी कान टवकारले. "नशीबवान माणूस. त्याला कुणी दंड नाही केला?"

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं म्हणा! भवभूती विदर्भातला, पद्मपूरचा. करुणरसाचा बादशहा म्हणून त्याची ख्याती. पण 'उत्तररामचरिता'च्या शेवटी त्याने धरणीच्या पोटात गेलेली सीता परत आणून रामाच्या शेजारी उभी केली. म्हणजे वाल्मीकीच्या 'समाप्त'खाली चार ओळी लिहिल्या. त्याला महाकवी म्हणतात आणि काकूंना पंचवीस रुपये दंड. मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी भवभूतीचा पत्ता विचारला नाही एवढंच. "समंजस माणूस," म्हणाल्या. मग त्यांना सांगलीचा अभिमान चढला. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी या गावात पहिलं मराठी नाटक केलं ते 'सीतास्वयंवर'. "स्वयंवर हो! सीतात्याग नाही केला त्यांनी. गावाला चांगलं काय ते कळत होतं." देवलांची शारदाही म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या तावडीतून सुटते आणि कोदंडाला मिळते. देवलही इकडचेच. एकटे खांडेकर तेवढे सांगलीत जन्मून असे रडवे कसे निघाले, हे काकूंना उमगत नाही. "गावातून लवकर बाहेर पडले, त्यामुळं असेल."

फडके-खांडेकरांचा कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद काकूंच्या कानावर आहे. त्यांच्या मते दोघंही चुकले. कादंबरी शेवटासाठी असते.

मग एकदा त्यांच्या भाचीने पुण्याहून मिल्स अँड बूनच्या पुस्तकांचा गठ्ठा पाठवला. लंडनमध्ये 1908 साली निघालेली ही कंपनी. पुढं प्रणयकथांकडे वळली आणि शेवटी दोघं मिळणारच या एका हमीवर जगभर पसरली. मला वाटलं, काकूंना मोक्ष मिळाला. आठवड्यात गठ्ठा माझ्या दारात. "घेऊन जा बाबा. इंग्रजी जमतं तेवढं मला. पण सगळ्यांत मिळतातच! मग शेवटचं पान उघडायचं कशाला? धाकधूकच नाही." मी चाट पडलो. या बाईला गोड शेवट हवा, पण तो फुकट नको. न मिळण्याची भीती आधी घशाशी आली पाहिजे.

काकूंचा 'सैराट' ही तर आमच्या गल्लीत दंतकथा आहे. 2016 च्या उन्हाळ्यात अर्धी गल्ली मिळून पिक्चरला गेली होती. सिनेमाला शेवटचं पान नसतं, ही काकूंची मोठी अडचण. पण परशा-आर्ची हैदराबादेत स्थिरावली, मूल झालं, दोघं नवा फ्लॅट बघायला निघाली, आणि काकू उठल्या. "चला. मिळाले, मूल झालं, घर घेतलं. आता काय बघायचं राहिलंय? रिक्षा मिळणार नाही नंतर." पिशवी उचलून निघूनही गेल्या. आम्ही बाकीचे बसलो, आणि पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. थिएटरमधून बाहेर येताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं. काकू कोपऱ्यावर उसाचा रस पीत उभ्या होत्या. "काय गोड पिक्चर! त्या पोरांनी किती सोसलं, पण मार्गी लागली." गल्लीने एकमताने तोंड मिटलं. काकूंना कुणी सांगायचं नाही. टीव्हीवर लागला की शेवटी कुणीतरी हटकून काकूंना गवारी निवडायला बोलवायचं.

प्राध्यापकांनी त्याच वर्षी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत 'सैराट'वर भाषण दिलं. फार सुंदर बोलले. प्रेक्षकाला सुटका न देणारा शेवट, जातीच्या वास्तवाला भिडण्याचं धैर्य. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, भाषण खरंच चांगलं होतं.

1868 साली 'मंजुघोषा' ही कादंबरी लिहिणाऱ्या नारो सदाशिव रिसबुडांनी प्रस्तावनेत एक तक्रार केली आहे. आपल्या लोकांच्या लग्नाच्या चालीच अशा की खऱ्या आयुष्यावर लिहावं तर त्यात गोडी वाटेल असं काही सापडत नाही. म्हणून बिचाऱ्यांना अद्भुत राजपुत्र आणि राजकन्या आणाव्या लागल्या. दीडशे वर्षं झाली, प्रस्तावना अजून जुनी झालेली नाही. घरात जे होऊ द्यायचं नाही ते पुस्तकात भरपूर व्हावं, ही आपली वाचनसंस्कृती.

भाषणानंतर दोनेक वर्षांनी प्राध्यापकांच्या पुतणीने विवाह नोंदणी अधिकाऱ्याकडे नोटीस दिली. विशेष विवाह कायद्याची नोटीस तीस दिवस कचेरीत लावलेली असते, ज्याला वाचायची त्याने वाचावी. या राज्यात ज्यांनी आयुष्यात फळ्यावरची एक नोटीस वाचलेली नसते, ते लोक ही बरोबर वाचतात. मुलगा दुसऱ्या जातीचा. म्हणजे कुठल्या, ते प्राध्यापकांनी आवाज खाली करून घरोघर सांगितलं. वास्तवाला भिडायची वेळ आली तेव्हा ते वास्तवाच्या बाजूने उभे राहिले. गल्लीतल्या 'सैराट'ला रडलेल्या डोळ्यांनी जमिनीकडे बघायला सुरुवात केली. या लग्नाला साक्षीदार तीन लागतात. एक मुलाचा मित्र, एक मी. तिसऱ्याची आदल्या रात्री पाठ धरली.

सकाळी कचेरीच्या पायऱ्यांवर काकू बसलेल्या. इरकल नेसून. त्यांना कुणी कळवलं, मला ठाऊक नाही. आत गेल्यावर कारकुनाने अर्ज पुढं केला तर काकूंनी तो आधी मागून उघडला. कारकून म्हणाला, "आजी, सही पुढच्या पानावर." "ती करते. हे वाचू दे आधी." वाचलं, चष्मा खाली घेतला, सही केली.

बाहेर चहा घेताना त्यांनी पोरीला जवळ ओढलं. मला वाटलं, दोन मुलं वगैरे निघणार. म्हणाल्या, "माहेराहून कुणी साड्या, भांडी घेऊन आलं, गोड बोललं, तर कडी काढायच्या आधी मला फोन करायचा. मी येईपर्यंत चहा टाकायचा नाही. कळलं?"

पोरीने मान डोलावली. मी काकूंकडे बघत राहिलो. "काकू, तुम्ही सैराट..."

"मला काय बावळट समजता काय रे सगळे? ती पोरगी आईला फोन करते तेव्हाच कळलं मला. म्हणून तर उठले." मग बशीत चहा ओतता ओतता, "आणि ते गवारीचं नाटक बंद करा. सुरी बोथट असते तुमच्याकडची."

हे असं असतं या बाईचं. धड चिडूही देत नाही. आता मीही कादंबरी घेताना शेवटी पेन्सिल आहे का ते बघतो, वाचत नाही, नुसतं बघतो. एकदा धीर करून मी त्यांना त्यांच्या स्वतःच्या लग्नाचं विचारलं होतं. "आमचं काय! आम्ही न विचारता मिळालो," एवढं बोलून त्या पुस्तक बदलायला उठल्या.

प्राध्यापकांची पुतणी आणि तिचा नवरा विश्रामबागेत राहतात. कडाक्याची भांडतात. पाण्याच्या मोटारीवरून, त्याच्या मोबाइलवरून, कुणाच्या आईला आधी फोन केला यावरून. प्रत्येक भांडणाचा फोन काकूंना, कारण शेवटाची हमी त्यांची. काकू रात्री साडेनऊला माझं दार वाजवतात. "ह्या लेखकांना काय जातंय 'समाप्त' लिहायला! पुढचं कोण निस्तरणार? चल, गाडी काढ."

मागच्या वर्षी त्या दोघांना मूल झालं. मुलगा. दवाखान्यात आम्ही सगळे काकूंच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी बाळाला दुपट्यासकट उचललं, खात्री करून घेतली आणि पोरीला म्हणाल्या, "असू दे. पुढच्या खेपेला मुलगी होईल, तिलाच थोरली म्हणायचं."