मधोमध असण्याचं भाडं

नागपूर देशाच्या मधोमध आहे, हा शोध आमच्याकडे दर हिवाळी अधिवेशनाला नव्याने लागतो. झिरो माइलचा खांब दाखवायचा, नकाशावर चारी दिशांना बाण काढायचे आणि लॉजिस्टिक हब झालंच म्हणून टाळ्या घ्यायच्या. मधोमध असलेलं गाव सगळ्याच बंदरांपासून लांब पडतं, ही बारीकशी बाब भाषणात राहून जाते.

न्हावा शेवा बंदर इथून साधारण साडेआठशे किलोमीटर. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्ग पुरता खुला झाला. लांबी 701 किलोमीटर, इगतपुरीजवळ जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा, आणि आठ तासांत मुंबई! ही मुंबई कारवाल्यांची. कंटेनरच्या गाडीला ताशी 80 ची मर्यादा, शिवाय रस्ता संपतो भिवंडीजवळ आमण्याला. तिथून पुढे बंदर लागत नाही, ठाणे लागतं. अवजड गाड्या कोणत्या वेळी सोडायच्या, हे तिथला वाहतूक विभाग ठरवतो. अख्खा विदर्भ-मराठवाडा सुसाट ओलांडून आलेला ड्रायव्हर मग रात्र होण्याची वाट बघत बसतो. रांगेपर्यंत लवकर पोचायची सोय मात्र उत्तम झाली, हे मान्य करायला हवं.

रेल्वे आहे की, असं कोणी म्हणेल. आहेच, 1867 पासून आहे. साहेबाला इथला कापूस हवा होता. पण रूळ नागपूरला टेकेपर्यंत अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचा भाव बसलासुद्धा होता. उशिराची परंपरा अशी साहेबाच्या काळापासूनची. कसारा घाटाचा चढ 37 ला 1, तिथे आजही मालगाडीला मागून इंजिनं रेटतात. आणि एका रेकमध्ये, म्हणजे अख्ख्या मालगाडीत, कंटेनरचे वीस फुटी 90 डबे मावतात. तेवढे जमेपर्यंत तुमचा डबा यार्डात ऊन खातो.

पण खरी गंमत त्या डब्याचीच. इथून तांदूळ किंवा सूत परदेशी पाठवायचं तर रिकामा कंटेनर आधी इथे यायला हवा. आयातीचा माल भरून आला तर खर्च वाटला जातो. परंतु बंदरावर उतरणाऱ्या मालाला नागपूरची ओढ कमीच. नागपूरजवळच्या वाडीतले एक ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, ‘‘भाऊ, डबा हवा भरून येते अन् भाडं आपल्याले द्या लागते. हवा आयात करून राहिलो आपण!’’ अंबाझरी तलावाच्या काठी फुकट मिळणारी हवा आम्ही थेट बंदरावरून मागवतो, हे वैभव दुसऱ्या कुठल्या शहराला परवडेल?

यावर उपाय म्हणून 2017 मध्ये वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेला ड्राय पोर्टचं भूमिपूजन झालं. पुढे त्याचं मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क झालं. नाव तरी मोठं होत गेलं. प्रगती प्रगती म्हणतात ती आणखी काय असते?

सगळ्या सरकारी कागदांत मला मालवाहतुकीचं ई-वे बिल तेवढं प्रामाणिक वाटतं. त्यात ट्रकला 200 किलोमीटरमागे 1 दिवस धरलेला असतो, म्हणजे न्हावा शेवाला 5 दिवस. होर्डिंगवर 8 तास, बिलावर 5 दिवस. वाडीत गिऱ्हाइकाला तारीख देताना होर्डिंगकडे कोणी मान वर करून बघत नाही.