तेरावा महिना

पहिलं सिमकार्ड घेणं म्हणजे कालगणनेची दीक्षाच. दुकानदाराने आधार घेतलं, कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावायला लावले, की माणूस रिचार्जच्या 28 दिवसांच्या महिन्यात दाखल. पंचांगवाल्यांना अधिक मासासाठी जवळपास तीन वर्षं थांबावं लागतं. कंपन्या तो दरवर्षी घालतात. अनारशांचं वाण मात्र जावयाने नव्हे, कंपनीने घ्यायचं. 2022 मध्ये ट्रायने 30 दिवसांचाही एक तरी प्लॅन ठेवा म्हटलं. ठेवला की! ॲपमध्ये बोट दुखेपर्यंत खाली सरकलं की दिसतो.

आता घरभाडं, दूध, शाळेची फी यांनीही हीच कालगणना स्वीकारावी. पगार तेवढा जुन्या कॅलेंडरने व्हावा. परंपरा जपायला नको? तेरा महिन्यांचे दिवस भरतात 364. उरलेला एक दिवस ग्राहकाच्या मालकीचा. त्या दिवशी फोन बंद राहील.