काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये

"ही कुठल्या पट्टीत घुमते रे?" अप्पांनी विचारलं. मला वाटलं, शेजारच्यांचा मिक्सर. पण अप्पांचा रोख शोकेसवरच्या हार्ड डिस्ककडे होता.

अप्पांकडे तीनशेच्या वर कॅसेटी आहेत. घरगुती बैठकी, गणेशोत्सवातली गाणी, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून टिपलेल्या मैफली. काहींत गायकापेक्षा कुकरची शिट्टी जास्त सुरेल आहे. निवृत्तीनंतर हे सगळं संगणकात उतरवायचं त्यांनी मनावर घेतलं. एमपीथ्री त्यांना चालत नाही, त्यात तंबोऱ्याला सर्दी झाल्यासारखी वाटते म्हणे. तसं न दाबता उतरवलं की नव्वद मिनिटांच्या कॅसेटला साधारण ९०० एमबी लागतात. म्हणून मी एक धिप्पाड डिस्क आणली होती, वेगळा अडॅप्टर लागणारी, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी.

मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२०. अप्पांनी पेटी उघडली, काळी पाच दाबली. ती खाली पडली. पांढरी सात दाबली. ती वर गेली. डिस्क दोन्हींच्या बरोबर मधोमध उभी राहून घुमत होती.

"बेसुरी आहे," अप्पांनी निकाल दिला. "बदल."

खरा दोष निम्मा शोकेसचा होता. लाकडी फळी आणि आत पोकळी, म्हणजे डिस्कला आयता भोपळाच मिळाला होता. मी खाली जुनं माउसपॅड सरकवलं. आवाज बराच उतरला, पण अप्पांचे कान उतरले नाहीत.

तेवढ्यात आईचा मुद्दा निघाला. आमच्या घरात टीव्ही, मिक्सर, फोन, जे काही स्वतःहून हलत नाही त्याच्यावर आईचा क्रोशाचा रुमाल असतो. डिस्कवरही होता. हात लावला तर भाकरीच्या तव्यासारखी तापलेली. मी रुमाल काढला आणि उष्णतेवर छोटं व्याख्यान दिलं. मग रात्री वाचत बसलो असता नको ते सापडलं. गूगलने २००७ साली आपल्या लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात उष्णतेचा आणि डिस्क बिघडण्याचा संबंध समजत होते तेवढा घट्ट निघाला नाही. उलट फार थंड राहणाऱ्या डिस्काच जास्त गेल्या होत्या. हे मी जेवताना बोलून गेलो. सकाळी रुमाल परत डिस्कवर! फारच तापलेल्या डिस्कांना मात्र त्यातही सवलत नव्हती, हे आईला पटवण्यात माझा रविवार गेला.

तर आता शांत, थंड आणि विश्वासू अशी नवी डिस्क हवी होती. विश्वासू यासाठी, की आतेबहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो एका डिस्कवर होते आणि ती एका संध्याकाळी नुसती टक्, टक्, टक् करू लागली. आतली चकती फिरते आणि वाचणारं डोकं तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. आपला केस लाखभर नॅनोमीटर जाड असतो. इतक्या कमी अंतरावर कोण किती दिवस न भांडता राहील? त्या लग्नाचा पुरावा म्हणून आज फक्त नवरा उरला आहे.

तपकीर गल्लीत गेलो. अप्पा बरोबर होतेच. दुकानदाराने आधी एसएसडी दाखवली. आत काही फिरत नाही, आवाज शून्य.

"फिरत नाही तर चालते कशी?" अप्पा.

"काका, विजेवर. आत चिपा असतात."

माझा खरं तर तिच्यावरच जीव होता. पण किंमत ऐकून तो परत आला. शिवाय ती वर्षानुवर्षं कपाटात बिनविजेची ठेवली तर आतला भार हळूहळू झिरपून जाऊ शकतो. आणि आमच्या घरात कपाटात गेलेली वस्तू वर्षानुवर्षंच राहते. शेवटी हातात मावणारी, अडॅप्टर नको असलेली, ५४०० फेऱ्यांची डिस्क घेतली. वॉरंटी तीन वर्षांची. "वॉरंटी डब्याची हं, आतल्या गाण्यांची नाही," हे दुकानदार पैसे मोजून झाल्यावर म्हणाला.

घरी येऊन जोडली. एक टीबीची डिस्क, संगणक म्हणतो ९३१ जीबी.

"मापात पाप," अप्पा उठलेच. "चल परत."

कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने, माल तेवढाच आहे, हे सांगता सांगता चहा झाला. अप्पांचं म्हणणं एकच, की मग दूधवाल्याने काय घोडं मारलंय?

रात्री जुनीवरची गाणी नवीवर उतरवायला लावली आणि झोपलो. दोन्ही डिस्का शोकेसवर, शेजारी शेजारी. माउसपॅड धुऊन वाळत घातलं होतं. अडीच वाजता अप्पांनी हलवून उठवलं. मला वाटलं, टक् टक् सुरू झालं.

"ऐक."

अंधारात दोघी घुमत होत्या. नवी सेकंदाला ९०, जुनी १२०. नव्वदास एकशेवीस, म्हणजे तीनास चार.

"खालचा पंचम आणि षड्ज," अप्पा कुजबुजले. "पेटीशी जुळत नाहीत, पण आपसात काय लागल्यात! हात लावू नकोस."

सकाळी मी जुनी काढून कपाटात ठेवायला निघालो तर अप्पा आडवे आले. तंबोऱ्याची तार काढून कपाटात ठेवतात का? त्यामुळे आता दोन डिस्का कायम चालू आहेत, सगळ्या गाण्यांच्या दोन प्रती आहेत आणि मूळ कॅसेटी माळ्यावर. फोटोवाले लोक तीन प्रती ठेवा म्हणून कानीकपाळी ओरडतात, ते आमच्याकडे पंचमासाठी झालं. शांत आणि थंड हे दोन मुद्दे मी मागे घेतले आहेत.

फक्त अप्पांना आता खर्ज हवा आहे. हिशोब केला तर सेकंदाला ६०, मिनिटाला ३६००. इतक्या संथ डिस्का पूर्वी असायच्या. सीगेटची १९८० सालची एसटी-५०६ नेमकी ३६०० फेऱ्यांची होती. मावायचे पाच एमबी.

"अप्पा, त्यात तुमच्या आलापाचं अर्धं मिनिट बसेल."

"बसू दे की," अप्पा म्हणाले. "तिच्यात साठवायचंय कुणाला?"