अण्णांच्या नजरेखालून जावा असा एक दावा

ग्लेंडेल, कॅलिफोर्निया

तीर्थरूप अण्णांस,



सुट्टीच्या दिवशी तुम्ही तिकडे करता तरी काय, अशी पृच्छा आपण मागील पत्री केली होतीत. तिचे उत्तर असे की, गेला शनिवार-रविवार आमचे समस्त कुटुंब एका खुनाच्या तपासात गुंतले होते. आईस घाबरू देऊ नये. खून १९४४ सालचा असून कृष्णधवल आहे.

बिली वाइल्डर या दिग्दर्शकाचा ‘डबल इंडेम्निटी’ हा चित्रपट, फिल्म न्वार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळोख्या आणि पापभीरुतेचा लवलेश नसलेल्या चित्रपटांच्या घराण्यातील एक मूळपुरुष, क्रायटेरियन कंपनीने २०२२ साली नव्याने तबकडीवर काढला. तो आमच्या चिरंजीवाने आणला. अशा चित्रपटांत सर्वत्र पिस्तुले आणि मद्याचे पेले असतात अशी माझी समजूत होती. परंतु हा चित्रपट, अण्णा, आरंभापासून अखेरपर्यंत विम्याच्या कचेरीचा आहे, आणि ज्यांनी उभी हयात आयुर्विमा महामंडळाच्या दावे खात्यात घालविली त्या आपणास सोडून तो आम्हीच पाहावा, हा मला अन्याय वाटला.

हकिकत अशी. वॉल्टर नेफ नावाचा विमा-विक्रेता मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करण्यास एका बंगल्यावर जातो, तेथील गृहिणीच्या पायातील साखळी पाहून त्याची मती गुंग होते, आणि उभयता तिच्या नवऱ्याचा काटा काढण्याची तजवीज करतात. नवऱ्याकडून अपघाती विम्याच्या अर्जावर सही घेतली जाते ती मोटारीच्या कागदाची दुसरी प्रत म्हणून. तो भला गृहस्थ न वाचता सही ठोकतो. (कागद वाचल्याशिवाय सही करू नये, हा आपला हुकूम मला त्या क्षणी आठवला, आणि चिरंजीवास तो मी पुनश्च ऐकविला.) मृत्यू आगगाडीच्या अपघातात घडल्यास रक्कम दुप्पट, म्हणजे एक लाख डॉलर, सबब गृहस्थाचे प्रेत रुळांवर सापडते.

येथे तपासास येतो बार्टन कीज हा दाव्यांचा अधिकारी, आणि चित्रपटाचा खरा नायक माझ्या मते तोच. एडवर्ड जी. रॉबिन्सनने तो असा वठविला आहे की, तोंडातील चिरूट वगळता मला क्षणोक्षणी आपलाच भास होत होता. कंपनीचा साहेब आत्महत्येचा तर्क पुढे करून दावा फेटाळू पाहतो, तेव्हा कीज आत्महत्यांचे कोष्टकच तोंडपाठ म्हणून दाखवितो: वंशानुसार, व्यवसायानुसार, ऋतुमानानुसार, विषांच्या प्रकारांनुसार, आणि अखेरीस विचारतो की, ताशी जेमतेम पंधरा मैलांनी चाललेल्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी टाकून जीव देण्याची आशा कोणता शहाणा धरील? नंतर त्याच्या ध्यानी येते की, मयताचा पाय मोडलेला होता, अपघाती विमा हाती होता, तरीही त्याने पायाचा दावा केला नाही. का केला नाही? विमा आहे हेच त्याला ठाऊक नव्हते म्हणून! अण्णा, या ठिकाणी मी टाळी वाजविली. माझ्याखेरीज कोणीच वाजविली नाही.

आपल्या सूनबाईंची दृष्टी निराळी. जुन्या चित्रपटाची चौकट चौकोनी, सबब दोन्ही बाजूंस पडदा काळाच राहतो. जवळजवळ चतुर्थांश टीव्ही वाया जातो आणि पैसे मात्र पूर्ण टीव्हीचे मोजले, ही तिची पहिली तक्रार. बंगल्याच्या दिवाणखान्यात पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यांतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगताना दिसावी म्हणून जॉन साइट्झ या छायालेखकाने ॲल्युमिनियमची बारीक पूड हवेत उडविली होती, असे मी मोठ्या कौतुकाने सांगितले. तेव्हा तिने एवढेच विचारले की, मग नंतर केर कोणी काढला? नायिका बार्बरा स्टॅनविक हिचा पिवळ्या केसांचा टोप तर तिला मुळीच पसंत पडला नाही, आणि यात ती एकटी नाही. तो पाहून स्टुडिओतील एका अधिकाऱ्यालाही जॉर्ज वॉशिंग्टनची आठवण झाली होती. नेफच्या खोलीचा दरवाजा बाहेरच्या बाजूस उघडतो, कारण बाईला त्याच्या आड लपायचे असते; अशा दरवाजास आमच्या इमारतीची समिती कदापि परवानगी देती ना, असेही तिने बजावले. चिरंजीवाने अविवाहित नेफच्या बोटात लग्नाची अंगठी पकडली. त्या अंगठीचा खुलासा कीजलाही मागता आला नाही.

या चित्रपटास ऑस्करची सात नामांकने मिळाली, पारितोषिक एकही नाही. म्हणजे दावे खात्यातील माणसांस जो न्याय मिळतो तोच.

तबकडी आपणाकडे धाडीत आहे. मात्र येथील साध्या ब्लू-रेचा मुलूख ‘ए’ आणि हिंदुस्थानचा ‘सी’ असल्याने आपल्या घरचे यंत्र तिला मज्जाव करील. पाकिटातील फोरके तबकडीस असा मुलूखबंदीचा जाच नाही, परंतु तिला फोरकेचेच यंत्र लागते. ते आपल्या तिकडच्या चि. सुहासच्या घरी आहे. यंत्र मागण्यास आपण जातीने न जाता आईस पाठवावे, म्हणजे तो नकार देणार नाही.

पाहून झाल्यावर, दावा आपल्या टेबलावर आला असता तर कोणत्या कागदापाशी आपण अडविला असता, ते मुद्देसूद लिहून कळवावे. सूनबाईंचे म्हणणे, आपण अर्जावरील सहीपाशीच अडविला असता. माझी पैज मोडक्या पायावर आहे, आणि पैजेत महिन्याभराची भांडी आहेत.



आपला आज्ञाधारक,
श्रीधर