समोर काही होणार नाही

एका रविवारी घोडबंदर रोडवरच्या सेल्स ऑफिसात, काचेखालच्या खेळण्यातल्या टॉवरवर लेझरचा लाल ठिपका फिरवत एक टायवाला मुलगा म्हणाला, "सर, समोर काही म्हणजे काही होणार नाही. ओपन व्ह्यू, लाइफटाइम." त्याच्या आदल्या रविवारी उलव्यात तसाच टाय लावलेला दुसरा मुलगा तसाच ठिपका फिरवत म्हणाला होता, "सर, समोर सगळं होणार आहे." काही होणार नाही, म्हणून चौरस फुटाला जादा पैसे. सगळं होणार आहे, म्हणूनही जादाच. जिथे थोडंफार होऊन गेलंय आणि उरलेलं कधी होईल ते कोणालाच माहीत नाही, अशी जागा काही आम्हाला कोणी दाखवली नाही. तिथे आम्ही आधीपासून राहतो.

म्हणजे डोंबिवली पूर्वेला. तिसरा मजला, वन बीएचके. शेजारी एक बैठा बंगला होता, जांभळाचं झाड होतं, झाडाखाली विहीर होती. आता तिथे बावीस मजले येताहेत. सकाळी नऊला पायलिंगचं मशीन सुरू होतं आणि प्रत्येक धप्पला स्वयंपाकघरातल्या फळीवरचे स्टीलचे पेले एकेक केस पुढे सरकतात. दुपारी चारपर्यंत ते काठावर येतात. मग ही त्यांना हाताने मागे ढकलते आणि चहा टाकते. विकासाचा वेग मोजायचं आमच्या घरातलं हे एकमेव यंत्र. दोन महिन्यांपूर्वी फुलपात्र पडलं, तेव्हा घर बदलायचं ठरलं.

अटी साध्या होत्या. चिरंजीवांना मेट्रो हवी. हिला दोन वेळचं पाणी. सासरे आमच्याकडेच असतात, त्यांना जवळ बरा दवाखाना. आणि मला? मला भाव वाढायला हवा. म्हणजे विकास इतका जवळ हवा की दर चढावेत आणि इतका लांब हवा की पेले हलू नयेत. हे अंतर नेमकं किती मीटर, ते शोधत आम्ही सात रविवार हिंडलो.

माझ्या या हावेचं मूळ आमच्या मामांत आहे. सिडको १९७० साली स्थापन झाली, १९७३ साली खाडीवर पूल झाला आणि पुढे चार-पाच वर्षांनी मामांना वाशीत प्लॉट मिळत होता. मामा म्हणाले, "खाडीपलीकडे कोण मरायला जातंय!" लोकल वाशीला पोचायला १९९२ उजाडलं, तोवर मामांना आपलं म्हणणं बरोबरच वाटत होतं. नंतरची तीसेक वर्षं मात्र ते प्रत्येक लग्नात, मुंजीत, तेराव्याला त्या प्लॉटची आजची किंमत सांगत आले आहेत. वाशीला न घेतलेल्या प्लॉटवर आमच्या घराण्याने जितकं व्याज मोजलंय तितकं कुठल्या कर्जावर मोजलं नसेल. असा एक मामा बहुतेक मराठी घरात असतो. नसला तर काका असतो आणि त्याचा प्लॉट कोथरूडला असतो.

तर आधी उलवे, मामांच्या प्रायश्चित्तासाठी. तिथल्या मुलाने भिंतीवरचा नकाशा दाखवला. त्यात सगळे बाण आमच्याच टॉवरकडे येत होते. विमानतळ, अटल सेतू, उरणची लोकल, शिवाय ज्यांची अजून कुदळ पडायची आहे असे तीन-चार बाण तुटक रेषेत. आता नवी मुंबईच्या विमानतळाची कथा कोणाला नव्याने सांगायला नको. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बोलणं सुरू झालं, २०१८च्या फेब्रुवारीत भूमिपूजन झालं, ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन आणि त्या नाताळच्या दिवशी पहिलं विमान उडालं. मधल्या काळात उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीने मुकाट वळण घेतलं, पण जाहिरातीतलं 'लवकरच' हे अक्षर काही हललं नाही. बोलणं सुरू झालं तेव्हा पाळण्यात असलेल्या मुलाच्या नावाने ज्यांनी बुकिंग केलं असेल, त्यांचा मुलगा आता बंगळूरूला नोकरी करत असणार. येण्या-जाण्याची सोय झाली, एवढं खरं.

ही बाल्कनीत उभी राहिली, आकाशाकडे पाहिलं आणि विचारलं, "आवाज?"

"मॅडम, एसी लावला की ऐकू येत नाही."

"आणि बंद असला की?"

"मॅडम, एअरपोर्ट जवळ असला की रेट..."

आवाजाच्या प्रश्नाला दराचं उत्तर देण्याची ही पद्धत सातही रविवार टिकली. सेतूचंही तसंच. तो २१.८ किलोमीटरचा पूल खरोखर देखणा आहे, शिवडीला वीस मिनिटांत नेऊन सोडतो. कारला एका फेरीचे २५० रुपये. मुलगा म्हणाला, "विचार करा सर, शिवडी वीस मिनिटं!" मी विचार केला. शिवडीत आमचं कोणी नाही.

घोडबंदर रोडला निसर्ग मिळतो. तिथे खिडकीतून राष्ट्रीय उद्यान दिसतं आणि ते दिसतं म्हणून पाच-सात लाख जादा मोजायचे असतात. मग त्या उद्यानातला बिबट्या एखाद्या रात्री आपलं उद्यान कुठवर आलंय ते बघायला कंपाउंडशी येतो आणि वनखात्याकडे पहिली तक्रार 'पार्क फेसिंग'वाल्याचीच जाते. त्याला बिबट्याशिवायचं जंगल हवं असतं, आम्हाला विमानाशिवायचा विमानतळ. शिवाय याच उद्यानाखालून ठाणे-बोरिवली जुळे बोगदे जायचे आहेत, सव्वादहा किलोमीटरचे. तेव्हा वरचा व्ह्यू वेगळा आकारायचा आणि खालची कनेक्टिव्हिटी वेगळी. डोंगर एकच, बिलं दोन.

चिरंजीवांची मेट्रोही तिथेच होती. वडाळ्याहून कासारवडवलीला येणारी मेट्रो चार. तिच्या खांबांनी आणि पत्र्यांनी घोडबंदर रोड कितीतरी वर्षं अडवून धरलेला आहे. आम्हाला दाखवलेला फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता आणि हॉलच्या खिडकीसमोर, अगदी डोळ्यांच्या रेषेत, मेट्रोचा मार्ग. "दाराशी मेट्रो" हे वाक्य मी आजवर अलंकारिक समजत होतो. हिने सोफा कुठे ठेवायचा याचा हिशेब केला आणि लक्षात आलं, की आपण टीव्ही बघत बसलो असताना डब्यातले उतारू आपल्याला बघत जाणार. मुलाला विचारलं, याचे काही कमी? तो म्हणाला, "कमी कसे? हा मेट्रो व्ह्यू आहे."

इथेच मला एक शोध लागला, आणि तो मी कोणालाही फुकट सांगायला तयार आहे. गृहप्रकल्पाबद्दल खरी माहिती फक्त वॉचमनकडे असते. आम्ही आत सॅम्पल फ्लॅटमधल्या प्लॅस्टिकच्या सफरचंदांचं कौतुक करत होतो, तेवढ्यात ही शेजारच्या, राहत्या सोसायटीच्या गेटवर जाऊन आली. पाणी किती वाजता, टँकर किती, पावसात गेटसमोर गुडघ्याएवढं की पोटरीएवढं, लिफ्ट किती वेळा बंद, भाड्याने किती आणि मालक किती. पाच मिनिटांत सगळं. त्याने तर मागच्या प्लॉटवर काय येणार तेही सांगितलं, कारण तिथली माती तपासायला आलेल्या माणसांना पाणी त्यानेच दिलं होतं. सेल्स ऑफिसातल्या मुलाने लाइफटाइमचा ओपन व्ह्यू दिला होता तो याच प्लॉटवरचा.

कोणी म्हणेल, महारेरा कशाला आहे? आहे, आणि २०१७ पासून त्याचा उपयोगही खूप आहे. कार्पेट एरिया कळतो, ताब्याची तारीख कळते, बिल्डरने मुदतवाढ घेतली तर तीही दिसते. पण ज्या प्रकल्पाची नोंदणी त्याचीच ती कुंडली. शेजारच्या प्लॉटचं भविष्य सांगायला तिथे रकाना नाही. आणि डोंबिवलीकराने नुसता नोंदणी क्रमांक बघून हुरळून जाऊ नये. आमच्याच महापालिकेच्या हद्दीत खोट्या परवानग्यांवर रेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या आणि उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडायला सांगितल्या. कागद खोटे होते. घरं खरी होती, कर्जं खरी होती, हप्तेही.

सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त, त्यामुळे त्यांचा भरवसा विकास आराखड्यावर. बदलापूरला एक इमारत पसंत पडली, तेव्हा त्यांनी कुठूनशी तिथली शीट मिळवली आणि जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसले. पिवळा रहिवासी, जांभळा औद्योगिक, मधे आरक्षणांचे आकडे. आमच्या पसंतीच्या इमारतीभोवती एक खेळाचं मैदान, एक शाळा, एक भाजी मंडई, एक वाचनालय आणि एक स्मशानभूमी आखलेली होती. चिरंजीव चरकले. सासरे शांतपणे म्हणाले, "घाबरू नकोस. या पाचांतलं वेळेवर होईल असं तेवढं एकच आहे."

त्या इमारतीला 'रिव्हर व्ह्यू' होता. नदी म्हणजे उल्हास. २०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, तीच ही नदी. मी एजंटला पूररेषा विचारली. तो कसलेला निघाला. म्हणाला, "निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. आपण लालच्या बाहेर आहोत, फक्त पार्किंग आत आहे. आणि सर, तुमचं लोन तर वीसच वर्षांचं ना?"

मधल्या काळात मामांचा रोज फोन. आता ते तिसऱ्या मुंबईवर आले आहेत. अटल सेतूच्या पलीकडची १२४ गावं मिळून नवं शहर करायची अधिसूचना निघाली आहे, तिथे गुंठा घेऊन टाक म्हणतात. वाढवणला बंदराचं भूमिपूजन झाल्यापासून चौथ्या मुंबईचाही उल्लेख असतो. मी म्हटलं, "मामा, मला अजून पहिलीत सकाळच्या ८:२२ला उभं राहायला जागा मिळत नाही." ते म्हणाले, "असंच मी म्हणालो होतो."

मामा माणूस प्रेमळ आहे, पण त्या प्लॉटच्या हिशेबात एक गोष्ट ते कधी धरत नाहीत. वाशीचा तो प्लॉट घेतला असता तर त्यावर घर बांधून ते राहिले असते. राहत्या घराचा भाव दुप्पट झाला की त्याची भाजी येत नाही. विकावं तर राहायला दुसरं लागतं आणि त्याचाही भाव तेवढ्यात दुप्पट झालेला असतो. मधल्या मधे रेडी रेकनर वाढतो, मुद्रांक शुल्क वाढतं आणि एजंटाची दोन्हीकडची दलाली. हे मी हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही सात रविवार भाव कशाला विचारत होता?"

आणि आमची डोंबिवली तरी काय वाईट आहे? २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला, २०२० साली रस्ता गुलाबी झाला. इतके रंग कुठल्या ब्रोशरमध्ये आहेत? बुलेट ट्रेनचं 'ठाणे' स्टेशन म्हातार्डीला, म्हणजे दिव्याच्या कुशीत आणि आमच्या अलीकडच्या काठाला होतंय. त्यामुळे परवापासून आमच्या गल्लीतल्या एजंटच्या पाटीवरही एक बाण आला आहे, तुटक रेषेत. मोठागाव-माणकोली पुलाने खाडी ओलांडून ठाणं जवळ आलं, तो बाण अखंड आहे. शेजारच्या बावीस मजल्यांची जाहिरात मी काल वाचली. त्यात आमच्या इमारतीच्या जागी हिरवळ दाखवली आहे आणि बाकावर एक आजोबा पेपर वाचत बसले आहेत. सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, चष्मा आपला नाही.

आता नवीन घेण्यासाठी जुनं विकायला हवं, त्यासाठी हे सदर वापरायची संपादकांनी एकदाच परवानगी दिली आहे. डोंबिवली पूर्व, वन बीएचके, तिसरा मजला, दोन वेळ पाणी, शेजारी भव्य प्रकल्प प्रगतिपथावर. समोर काही होणार नाही, जे व्हायचं ते बाजूलाच होतंय. बघायला यायचं तर कृपया रविवारी यावं. त्या दिवशी मशीन बंद असतं.